दात कोरण्याआधी

दातात खड्डा दिसू लागतो तेव्हा कीड जुनी झालेली असते. तिची सुरुवात काही महिने, कधी काही वर्षे आधी झालेली असते आणि त्या वेळी दातावर फक्त एक पांढुरका, चमक गेलेला डाग असतो. तो दुखत नाही, ठणकत नाही, गार पाण्याने शिवशिवतही नाही. दात कोरडा करून चांगल्या उजेडात पाहिला तरच तो नजरेस पडतो. या अवस्थेतला डाग भरून येऊ शकतो. खड्डा पडल्यावर मात्र ते शक्य राहत नाही. दंतवैद्यकातले गेल्या काही दशकांतले बरेचसे संशोधन या दोन अवस्थांमधल्या काळाचा उपयोग कसा करून घ्यायचा, याच प्रश्नावर झाले आहे. दात कोरणे, भरणे आणि काढणे या विद्येने फार मजल मारली. रोग त्याआधीच अडवता येतो, ही समज मात्र दवाखान्यापर्यंत आता कुठे पोहोचू लागली आहे.

प्रश्न किती मोठा आहे, ते जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालावरून कळते. तोंडाच्या कोणत्या ना कोणत्या विकाराने जगातले सुमारे ३५० कोटी लोक, म्हणजे जवळपास निम्मी माणसे ग्रासलेली आहेत. पक्के दात किडलेल्यांची संख्या २०० कोटींच्या घरात आहे आणि दुधाचे दात किडलेली मुले ५१ कोटींच्या वर आहेत. ‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ असे म्हणून ही कीड घरोघरी सोडून दिली जाते. पण दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. त्या ठणकू लागल्या की मूल नीट जेवत नाही, रात्री झोपत नाही आणि शाळा बुडते. वेळेआधी काढाव्या लागल्या तर खालच्या पक्क्या दातांची जागा अडते.

दाताचे बाहेरचे कवच म्हणजे एनॅमल. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ असून वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या स्फटिकांचा असतो. हे कवच घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येताना नाहीशा होतात. हाड मोडले तर जुळते, कातडी कापली तर भरते, पण एनॅमलचा तुकडा गेला की तो शरीराला पुन्हा घडवता येत नाही. तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. दातावरच्या जंतूंच्या थरात सामू (पीएच) साधारण ५.५ च्या खाली गेला की स्फटिकांतले खनिज विरघळू लागते. लाळ हे आम्ल हळूहळू निवळवते आणि गेलेले खनिज परत आणून बसवते. ही ने-आण दिवसभर चालू असते. जाणे जास्त आणि येणे कमी झाले की कीड लागते.

रॉबर्ट स्टीफन या अमेरिकन संशोधकाने १९४० च्या दशकात हे प्रत्यक्ष मोजून दाखवले. ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरल्यावर काही मिनिटांतच सामू घसरतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. म्हणून दिवसाकाठी एकूण साखर किती, यापेक्षा ती किती वेळा खाल्ली, हे दातांच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे ठरते. जेवणासोबतचा गोड पदार्थ एकदाच आम्ल तयार करतो; तासातासाला होणारा गोड चहा आणि बिस्किटे लाळेला सावरायला वेळच देत नाहीत. याच निष्कर्षाला मोठा आधार मिळाला तो स्वीडनमधील लुंड शहराजवळच्या विपेहोल्म संस्थेत. तिथे १९४५ पासून काही वर्षे मतिमंद रहिवाशांना मुद्दाम दाताला चिकटून राहणारी टॉफी दोन जेवणांच्या मध्ये खायला देण्यात आली आणि त्यांचे दात कसे किडतात याची नोंद ठेवली गेली. त्यांची संमती घेतलेली नव्हती आणि ती देण्याच्या स्थितीत ते नव्हतेही. आहार आणि कीड यांविषयीचे पाठ्यपुस्तकी ज्ञान या लोकांच्या दातांची किंमत देऊन मिळाले आहे, हे ते ज्ञान सांगताना वगळता कामा नये.

जंतूंविषयीची समजही पालटली आहे. १९२४ मध्ये लंडनमध्ये जे. किलियन क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून ‘स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स’ हा जंतू वेगळा केला आणि पुढे बराच काळ तोच एकटा गुन्हेगार मानला गेला. त्याच्याविरुद्ध लस करण्याचे अनेक प्रयत्न झाले. एकही लस वापरात आली नाही. निरोगी तोंडातही शेकडो जातींचे जंतू गुण्यागोविंदाने राहतात. वारंवार साखर मिळू लागली की आम्ल करणारे आणि आम्लात तग धरणारे जंतू फोफावतात, बाकीचे मागे पडतात आणि सारी वस्तीच बदलते. रोग या बदललेल्या वस्तीचा असतो. २०२३ मध्ये अमेरिकेतील पेन्सिल्व्हानिया आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या दातांवरचा थर तपासला. तेव्हा ‘सेलेनोमोनास स्प्युटिजेना’ हा आजवर हिरड्यांच्या रोगाशीच जोडला गेलेला जंतू म्युटन्सच्या जाळ्यात अडकून वाढतो आणि त्याचा उपद्रव वाढवतो, असे आढळले. एखादाच जंतू मारून कीड थांबेल, ही आशा आता फारशी कोणी बाळगत नाही.

कीड अडवण्याचे सर्वांत परिणामकारक साधन अजूनही फ्लोराइड हेच आहे, आणि ते सापडले एका दोषाच्या शोधात. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे १९०१ मध्ये दवाखाना थाटलेल्या फ्रेडरिक मॅके या तरुण दंतवैद्याला तिथेच जन्मलेल्या रहिवाशांचे दात तपकिरी दिसले. हे डागाळलेले दात किडत मात्र कमी. कारण पाण्यातले फ्लोराइड आहे, हे १९३१ मध्ये कळले. १९४५ च्या जानेवारीत मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स हे शहर जगात प्रथमच पिण्याच्या पाण्यात मोजून फ्लोराइड घालू लागले. फ्लोराइड लाळेतले खनिज परत बसण्याचा वेग वाढवते आणि नव्याने बसलेला स्फटिक आम्लाला सहजी दाद देत नाही, ही त्यामागची प्रक्रिया नंतर उलगडली. आता तो इतिहासही नव्याने तपासला जात आहे. कोक्रेन या संस्थेच्या २०२४ च्या आढाव्यानुसार फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट घरोघरी पोहोचल्यानंतरच्या काळात पाण्यात फ्लोराइड घालण्याचा फायदा पूर्वीच्या अभ्यासांत दिसे त्यापेक्षा बराच कमी उरला आहे.

भारतात तर प्रश्न उलटा आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत, तेलंगणातल्या नलगोंड्यात, राजस्थानात भूजलातच फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते आणि दुसरा पर्याय नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत, असे भारतीय मानक सांगते. त्याहून जास्त फ्लोराइड असलेले पाणी लहानपणी पोटात गेले तर पक्के दात डाग घेऊनच उगवतात, आणि वर्षानुवर्षे गेले तर हाडे व सांधे आखडतात. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची ‘नलगोंडा पद्धत’ नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने विकसित केली. भूजलातच फ्लोराइड जास्त असल्याने इकडे पाण्यातून ते देण्याचा विचार सर्वत्र लागू पडणारा नाही. टूथपेस्ट हाच मार्ग उरतो. भारतात तिच्यातले फ्लोराइड दहा लाख भागांत १,००० भागांपेक्षा जास्त नसावे असा नियम आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. दात घासून झाल्यावर फेस थुंकून टाकावा पण भरपूर चुळा भरू नयेत, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहते. दात रात्री झोपण्यापूर्वी घासणे जास्त महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ कमी सुटते. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत सकाळची सवय पक्की आहे, रात्रीची नाही.

कीड पुढे गेल्यावर काय करायचे, याबाबतीतला बदल अधिक धाडसी आहे. किडलेला सगळा भाग, आणि खबरदारी म्हणून आजूबाजूचा थोडा चांगला भागही कोरून मग दात भरायचा, ही रीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जी. व्ही. ब्लॅक या अमेरिकन दंतवैद्याने घालून दिली. तिच्यावर पिढ्यान्पिढ्या दंतवैद्य शिकले. खोल गेलेल्या किडीत या रीतीचा एक तोटा होता. शेवटचा मऊ थर खरवडताना आतल्या जिवंत मगजाला, म्हणजे पल्पला, भोक पडायचे आणि मग रूट कॅनॉलला पर्याय राहायचा नाही. २०१६ मध्ये किडीच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने या बाबतीत एकमताच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांचे सार असे, की खोल खड्ड्यात कडा स्वच्छ आणि घट्ट कराव्यात, पण पल्पजवळची मऊ कीड तिथेच राहू द्यावी आणि वरून दात हवाबंद करावा. साखर पोहोचली नाही की खालच्या जंतूंची उपासमार होते, कीड थांबते आणि पल्प स्वतःहून नवा थर घालतो. ‘कीड आत ठेवून वरून बंद केले’ असे ऐकले की रुग्ण बिथरतो, आणि ते स्वाभाविक आहे. पण पुरावा या बाजूचा आहे.

हाच विचार मुलांच्या बाबतीत टोकाला नेला तो स्कॉटलंडमधील नॉर्ना हॉल या दंतवैद्यबाईंनी. दुधाच्या किडलेल्या दाढेला त्या इंजेक्शन देत नसत, ड्रिल लावत नसत आणि कीड काढतही नसत. योग्य मापाची स्टीलची टोपी निवडायची, तिच्यात सिमेंट भरायचे, ती दाढेवर बसवायची आणि मुलाला घट्ट चावायला सांगायचे; संपले. हे शास्त्राला धरून आहे का, ते पाहण्यासाठी डंडी विद्यापीठाच्या निकोला इनेस आणि सहकाऱ्यांनी एकाच मुलाच्या एका दाढेवर ही पद्धत आणि दुसऱ्या दाढेवर नेहमीचे भरणे, अशी तुलना केली. पाच वर्षांनी नेहमीच्या पद्धतीने भरलेल्या दाढांपैकी सुमारे १७ टक्के दाढांना गळू होणे किंवा पल्प निकामी होणे असा मोठा त्रास झालेला होता. टोपी बसवलेल्यांत हे प्रमाण ३ टक्के होते. दवाखान्याच्या खुर्चीत रडून गोंधळ घालणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना या आकड्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

वीज नसलेल्या गावांसाठी १९८० च्या दशकात यो फ्रेंकेन यांनी टांझानियात अशीच एक रीत आखली. मऊ कीड हातातल्या अवजारांनी काढायची आणि खड्डा चिकटणाऱ्या ग्लास आयोनोमर सिमेंटने भरायचा. हे सिमेंट लंडनमध्ये ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी शोधले. ते दाताला स्वतःहून चिकटते आणि थोडे थोडे फ्लोराइड सोडत राहते. या पद्धतीला ना ड्रिल लागतो, ना पाण्याचा फवारा, ना बहुतेक वेळा भूल.

त्याहूनही सोपे आहे ‘सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड’ हे द्रावण. जपानमध्ये १९६० च्या दशकात ते तयार झाले, पण बाहेरच्या जगाने त्याची दखल घ्यायला अर्धशतक लावले. अमेरिकेत २०१४ मध्ये त्याला मान्यता मिळाली तीही दातांची शिवशिव कमी करणारे औषध म्हणून. किडीसाठी डॉक्टर ते आपल्या जबाबदारीवर वापरू लागले. दात पुसून कोरडा करायचा, छोट्या ब्रशने थेंबभर द्रावण किडलेल्या भागावर लावायचे आणि मिनिटभर थांबायचे. त्यातली चांदी जंतूंना मारते आणि फ्लोराइड मऊ पडलेला भाग कठीण करते. ३८ टक्के तीव्रतेचे द्रावण वापरले तर दुधाच्या दातांतली दर दहापैकी साधारण आठ ठिकाणची कीड थांबते, असे अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांत दिसते. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या शाळांत चार हजारांहून अधिक मुलांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. शाळेतच लावलेले हे द्रावण दाढांच्या खाचा सिमेंटने बंद करण्याच्या जास्त वेळखाऊ उपायाच्या तोडीचे ठरले, आणि ते परिचारिकांनाही लावता आले.

याचा एक दोष लपवण्याजोगा नाही: थांबलेली कीड कायमची काळी पडते. मागच्या दाढेत ते चालून जाते. पुढच्या पटाशीच्या दातावर पालकांना ते पाहवत नाही. म्हणून लावण्याआधी पालकांना रंगाची कल्पना द्यावी लागते. खड्डाही बुजत नाही, अन्न अडकत राहते आणि काही महिन्यांनी द्रावण पुन्हा लावावे लागते. तरीही जिथे दंतवैद्य तालुक्याच्या गावीच भेटतो आणि मुलाला तिथवर नेण्यात आईची एका दिवसाची मजुरी बुडते, तिथे शाळेच्या व्हरांड्यात लावता येणाऱ्या या थेंबाचे मोल फार मोठे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट, ग्लास आयोनोमर सिमेंट आणि हे द्रावण अशा तिन्हींना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. भारतातही ते मिळते. शालेय आरोग्य तपासणीत मुलांचे किडलेले दात मोजले जातात; तिथेच ते लावण्याची सोय मात्र अपवादानेच दिसते.

‘दातात चांदी भरणे’ म्हणून लोकांना माहीत असलेले अमाल्गम आता जाण्याच्या वाटेवर आहे. त्यात वजनाने जवळपास निम्मा पारा असतो. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या वापरावर काही अपवाद वगळता बंदी घातली. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारातील देशांनी त्याच वर्षी जिनिव्हात २०३४ पर्यंत तो पूर्ण थांबवण्याचे ठरवले. कारण मुख्यतः पर्यावरणाचे आहे. तोंडात आधीपासून असलेले चांगले भरण उगाच काढून घेऊ नये, कारण ते काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त सुटते.

एनॅमल पुन्हा घडवता येईल का, यावर प्रयोगशाळांत झपाट्याने काम चालू आहे. जपानमध्ये एनॅमलचेच खनिज असलेल्या हायड्रॉक्सीॲपेटाइटची टूथपेस्ट १९८० पासून विकली जाते. २०२५ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजने लोकरीतून काढलेले केराटिन हे प्रथिन दातावर लावले. त्याच्या चौकटीवर लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट बसून एनॅमलसारखा थर तयार होतो, असे त्यांना दिसले. त्याच वर्षी नॉटिंगहॅम विद्यापीठानेही प्रथिनांपासून केलेल्या जेलने असाच परिणाम साधल्याचे प्रसिद्ध केले. ही कामे काढलेल्या दातांवर आणि प्रयोगशाळेत झालेली आहेत. रोज चावण्याचा ताण, गरम-गार आणि जंतू यांच्यापुढे हे थर किती टिकतात, ते माणसांवरच्या चाचण्या झाल्यावरच कळेल. ‘आता दात भरायची गरज नाही’ अशा मथळ्यांनी बातमी येते तेव्हा वाचकाने हा फरक ध्यानात घ्यावा.

सर्वांत जास्त कुतूहल आहे ते नवा दात उगवण्याचे. माणसाच्या जबड्यात दातांचे दोन संच येतात. तिसऱ्या संचाचे बीज काही जणांत सुप्त असावे, असा जपानी संशोधक कात्सू ताकाहाशी यांचा कयास आहे. ‘यूसॅग-१’ नावाचे प्रथिन दाताच्या वाढीचे संदेश दाबून ठेवते. ते निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे त्यांच्या गटाने उंदरांना दिली तेव्हा जन्मतः नसलेले दात उगवले. फेरेट या प्राण्याच्या जबड्यात तर एक जास्तीचा दात आला. माणसाप्रमाणेच फेरेटलाही दुधाचे आणि पक्के असे दोन संच असल्याने या निकालाला वजन आले. २०२१ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. २०२४ च्या शरद ऋतूत क्योटो विद्यापीठाच्या रुग्णालयात माणसांवरची पहिली चाचणी सुरू झाली. त्यासाठी निदान एक दाढ नसलेले ३० ते ६४ वयाचे ३० पुरुष निवडण्यात आले. दात नसलेलेच लोक का, याचे कारण सरळ आहे: नको तिथे दात उगवला तरी अपाय कमी. ही चाचणी औषध सुरक्षित आहे का एवढेच पाहण्यासाठी आखलेली होती. दात आला की नाही, हा तिचा प्रश्न नव्हता. पुढची पायरी जन्मतः चार किंवा अधिक दात नसलेल्या दोन ते सात वर्षांच्या मुलांची असेल. अशा मुलांचा जबडा वाढत असल्याने कृत्रिम दात रोवता येत नाहीत आणि पक्वान्न पुढे असले तरी चावण्याची सोय नसते. औषध २०३० च्या सुमारास मिळावे, असे संशोधकांचे उद्दिष्ट आहे. किडीने किंवा पायरियाने दात गमावलेल्या साठीच्या माणसाला त्यातून नवा दात मिळेल, असा निष्कर्ष आज काढता येत नाही.

याहून जवळचे वाटते ते पल्प जगवण्याचे काम. दुधाच्या पडलेल्या दातांतल्या मूळपेशी २००३ मध्ये ओळखल्या गेल्या. चीनमधील शिआन इथल्या डॉक्टरांनी पडून मार लागल्याने पल्प मेलेल्या मुलांच्या पुढच्या दातांत याच पेशी रोवल्या आणि २०१८ मध्ये निकाल मांडले: रक्तवाहिन्या आणि संवेदना असलेला पल्प पुन्हा तयार झाला आणि अर्धवट राहिलेल्या मुळाची वाढही पुढे सरकली. किंग्ज कॉलेजच्या पॉल शार्प यांच्या गटाने २०१७ मध्ये अल्झायमरसाठी तपासले जात असलेले टिडेग्लुसिब हे औषध स्पंजच्या बारीक तुकड्यातून उंदरांच्या दाताच्या खड्ड्यात ठेवले. दाताने स्वतःच तो खड्डा डेंटिनने, म्हणजे एनॅमलच्या आतल्या थराने, भरून काढला.

दात शाबूत असूनही हलू लागतात ते हिरड्यांच्या रोगाने. दात आणि हिरडी यांच्या फटीत जंतूंचा थर साचतो, त्याचे कीटण बनते, हिरडी सुजते, ब्रश लावताच रक्त येते आणि पुढे आतले हाड झिजते. गंभीर अवस्थेतला हा रोग जगात १०० कोटींहून अधिक लोकांना आहे. त्याचा शरीराच्या इतर रोगांशी असलेला संबंध हा गेल्या वीस वर्षांतला सर्वाधिक गाजलेला विषय आहे आणि त्यात पक्के-कच्चे वेगळे करणे अगत्याचे आहे.

मधुमेहाचा संबंध पक्का आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्यांची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. कोक्रेनच्या २०२२ च्या आढाव्यात हिरड्यांवर उपचार केलेल्या मधुमेहींची तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ही पातळी तीन-चार महिन्यांत ०.४३ टक्क्यांनी आणि वर्षभरात ०.५० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. कीटण काढून मुळे साफ करण्याने एवढा फरक पडतो, ही लहान गोष्ट नाही. भारतात मधुमेही दहा कोटींवर असल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासाने २०२३ मध्ये सांगितले. असे असताना मधुमेहाच्या दवाखान्यात पायांची तपासणी होते आणि हिरड्यांबद्दल कोणी विचारत नाही, ही त्रुटी आहे.

अल्झायमरची गोष्ट सावध करणारी आहे. हिरड्यांच्या रोगातला ‘पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस’ हा जंतू आणि त्याची विषारी द्रव्ये अल्झायमर झालेल्या रुग्णांच्या मेंदूत सापडल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मोठी खळबळ उडाली. त्या द्रव्यांना अडवणाऱ्या औषधाची ६४३ रुग्णांवर चाचणी झाली. २०२१ मध्ये आलेल्या निकालात औषध अपयशी ठरले. स्मृतीची घसरण थांबली नाही. गर्भवतींच्या बाबतीतही तसेच झाले. हिरड्या बिघडलेल्या स्त्रियांत अपुऱ्या दिवसांची प्रसूती जास्त आढळते, पण गरोदरपणात हिरड्यांवर उपचार केल्याने ती टळत नाही, असे २००६ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दिसले. उपचार सुरक्षित होता आणि हिरड्या सुधारल्या, हे त्याच चाचणीने दाखवले. दोन रोग एकत्र दिसणे म्हणजे एकामुळे दुसरा होणे नव्हे, हे या दोन उदाहरणांवरून समजते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाबाबत मात्र संशय बळावला आहे. सिॲटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग केंद्राने २०२४ मध्ये सुमारे २०० गाठी तपासल्या. तोंडात राहणाऱ्या ‘फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम’ या जंतूचा एक विशिष्ट उपप्रकार त्यांपैकी जवळपास निम्म्यांत सापडला. तो पोटातल्या आम्लातूनही जिवंत खाली उतरू शकतो.

तोंडाच्या कर्करोगावर जगाला भारतातून मिळालेले ज्ञान मोठे आहे, कारण रोगही इथेच सर्वाधिक आहे. २०२२ मध्ये जगभरात तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे ३ लाख ८९ हजार ८०० नवे रुग्ण झाले. त्यांपैकी १ लाख २० हजार २०० जणांचा रोग चघळण्याची तंबाखू आणि सुपारी यांमुळे होता, आणि त्यातले ८३ हजार ४०० रुग्ण एकट्या भारतातले होते. विदर्भातला खर्रा, इतरत्रचा मावा आणि गुटखा, खेड्यांतल्या बायका दात घासायला वापरतात ती भाजलेल्या तंबाखूची मशेरी, ही सगळी एकाच रोगाची दारे आहेत. सुपारी तंबाखूशिवायही निरुपद्रवी नाही. २००४ पासून ती माणसात कर्करोग करतात असे सिद्ध झालेल्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे. सुपारीने गालाच्या आतली त्वचा ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तंबाखू आणि पानमसाला वेगवेगळ्या पुड्यांत विकून ती राजरोस टाळली जाते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून केलेला अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखूची सवय आणि तोंडातले कर्करोगपूर्व चट्टे यांचा संबंध त्याने स्पष्ट केला. याच गटाने पुढे देशातल्या ३६ हजार तंबाखू सेवन करणाऱ्यांना समजावून सवय सोडवण्याचा प्रयत्न केला. सवय सुटलेल्यांत चट्टे कमी झाले, हे १९८६ मध्ये दिसले. शस्त्रक्रियेतही इथले काम जगाने स्वीकारले. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या गटाने २०१५ मध्ये एक जुना वाद मिटवला. सुरुवातीच्या अवस्थेत मानेत गाठ लागत नसली तरी मुख्य शस्त्रक्रियेबरोबरच मानेतल्या लसिकाग्रंथी काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात असतात. गाठ दिसल्यावर काढल्या तर ६७.५ टक्के. याच रुग्णालयाने नायव्होलुमॅब हे महागडे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम, इतर औषधांना जोडून दिले आणि २०२३ मध्ये निकाल मांडले. डोके आणि मानेच्या पुढे गेलेल्या कर्करोगात वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण त्यामुळे १६ वरून ४३ टक्क्यांवर गेले. पूर्ण मात्रा परवडणारे रुग्ण भारतात फार थोडे आहेत, म्हणून कमी मात्रा पुरते का, हा प्रश्न विचारला गेला.

मृत्यू टाळण्याचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र तिरुवनंतपुरममधून आला. तिथे १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते घरोघर जाऊन, उजेडात तोंड उघडायला लावून नुसते पाहत. संशयास्पद वाटलेल्यांना डॉक्टरांकडे पाठवत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू यामुळे ३४ टक्क्यांनी घटले. भारत सरकारने २०१६ मध्ये ठरवलेल्या तपासणी आराखड्यात ३० ते ६५ वयाच्या प्रत्येकाची दर पाच वर्षांनी अशी तपासणी सांगितली आहे, आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्र व उपकेंद्राच्या पातळीवरच व्हायची आहे. तपासणीत पाहायच्या गोष्टी मोजक्या आहेत: गालाच्या आत, जिभेच्या कडेला किंवा जिभेखाली पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, हाताला लागणारी कठीण गाठ, तिखट अजिबात सहन न होणे, आणि स्वतःची तीन बोटे उभी तोंडात न जाणे. यांतली बहुतेक लक्षणे सुरुवातीला दुखत नाहीत.